आठवड्याच्या मालिकांवर मत लिहायचंय? आधी दोष कुठल्या टेबलावरचा ते ओळखा

प्रश्न असा आहे: संध्याकाळच्या चार-पाच मराठी मालिका नेमाने पाहणाऱ्या एका प्रेक्षकाला दर रविवारी त्या आठवड्याबद्दल लिहायचं असतं. पण लिहायला बसलं की "ओढूनताणून चाललंय", "नायिका किती रडते" आणि "हा आठवडा बरा होता" यापलीकडे गाडी जात नाही. मग पाहायचं काय, टिपायचं काय आणि मत मांडायचं कसं?

रोजच्या मालिकेचं मोजमाप भागावर करू नका, आठवड्यावर करा. आणि काही खटकलं तर ते कथेत बिघडलं, पटकथेत, संवादात, सेटवर, संकलनात की वाहिनीच्या निर्णयात, हे शोधा. "कंटाळा आला" हे मत सगळ्यांचंच असतं. कंटाळा कुठून आला हे सांगणारं मत मात्र वाचणारा लक्षात ठेवतो, आणि मालिका करणारेही ते गंभीरपणे घेतात.

आधी वेळेचा हिशेब. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये मालिका अर्धा तास नसते. केबल टेलिव्हिजन नेटवर्कच्या नियमांत तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मर्यादा आहे: १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. उरलेल्या वेळातून "मागील भागात", शीर्षकगीत आणि "पुढील भागात" वजा करा. वाहिनीच्या ॲपवर तोच भाग साधारण २० ते २२ मिनिटांचा दिसतो. सहा भागांचा आठवडा म्हणजे सव्वाशे मिनिटांच्या आसपास, एका चित्रपटाइतका ऐवज. वर्षाला असे तीनशेच्या वर भाग होतात. दूरदर्शनच्या १३ भागांच्या साप्ताहिक मालिकेत लेखकाला शेवट ठाऊक असायचा, त्यामुळे प्रत्येक भागाला रचनेत नेमकी जागा असे. रोजच्या मालिकेला शेवटाची तारीख नसते. म्हणून "आजच्या भागात काहीच घडलं नाही" ही तक्रार बऱ्याचदा अन्यायकारक ठरते. मंगळवारचा भाग शुक्रवारच्या तयारीसाठी असू शकतो. पण सव्वाशे मिनिटांत काही घडलं नसेल, तर तिथे कोणतीही सबब चालत नाही.

"काही घडलं" म्हणजे काय, हे ठरवायला एक साधी कसोटी वापरा. शनिवारचा भाग संपला की त्या आठवड्याचं एकच वाक्य लिहा आणि त्यातलं क्रियापद बघा. "तिला कळलं", "त्याने सही केली", "ती घर सोडून गेली", "दोघांनी ठरवलं" अशी क्रियापदं आली तर कथा सरकली, कारण ही कृत्यं मागे घेता येत नाहीत. "ती रडली", "तो चिडला", "सासूने सुनावलं", "सगळे हादरले" एवढंच हाती लागलं, तर आठवडा जागच्या जागी फिरला. भावना कितीही तीव्र दाखवली तरी सोमवारी पात्रं जिथे होती तिथेच शनिवारी असतील, तर ती पुढे सरकलेली नसतात. माझ्या मते आठवड्याला एक मागे न फिरणारी घटना हे किमान माप धरावं. दोन असतील तर आठवडा भरघोस. चार-पाच असतील तर उलट सावध व्हा: वाहिनीला घाईने एखादा ट्रॅक, म्हणजे कथेतला एक धागा, गुंडाळायचाय, किंवा लीप येतोय, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे उडी मारणार.

दुसरी नोंद गुपितांची. आपल्या मालिकांचं खरं चलन गुपित आहे. मूल कोणाचं, कागदपत्रं कोणी बदलली, अपघात कोणी घडवला, लग्न करारापुरतं आहे हे कोणाकोणाला माहीत. एका कागदावर तीन रकाने आखा: गुपित, ते कोणाला ठाऊक, कोणत्या भागात कळलं. एका मालिकेत एका वेळी तीन-चार गुपितं खेळत असतात, त्यामुळे हे काम दिवसाला दोन मिनिटांच्या पुढे जात नाही. फायदा मोठा. ज्या पात्राला गोष्ट कळलेलीच नाही ते पात्र अचानक त्यावर बोलू लागलं, की चूक कुठल्या भागातली हे तुम्ही दाखवून देऊ शकता. अशी चूक बहुतेक वेळा पटकथा आणि संवाद लिहिणारे वेगळे असल्याने होते. श्रेयनामावलीत कथा, कथाविस्तार, पटकथा, संवाद ही नावं वेगवेगळी येतात ती उगीच नाही. वाहिनीकडून ट्रॅक मंजूर होतो, मग भागाची वनलाइन म्हणजे थोडक्यात आराखडा, मग प्रसंगवार पटकथा, शेवटी संवाद. मधल्या एखाद्या टप्प्यावर प्रसंगांचा क्रम बदलला आणि तो बदल संवादलेखकापर्यंत पोचला नाही, की पात्राच्या तोंडी दोन भाग पुढची माहिती येते.

तिसरी नोंद कथेतल्या दिवसांची. सहा भागांत कथेतले किती दिवस गेले? साड्या आणि शर्ट बघा, लगेच कळेल. एकच साडी सोमवार ते गुरुवार अंगावर असेल तर चार भाग एका दिवसात अडकलेत. हळद, लग्न, गृहप्रवेश हे प्रसंग दोन-दोन आठवडे चालतात. त्यात गैर काही नाही, कारण सगळी पात्रं एका छताखाली आणायची तीच जागा असते. खटकायला हवं ते उलटं. गणपती, वटपौर्णिमा, दिवाळी या सणांना मालिका प्रेक्षकांच्या कॅलेंडरशी जुळवून घेतात. मग काल मध्यरात्री पोलीस ठाण्यात असलेलं कुटुंब आज सकाळी नटूनथटून आरतीला उभं. इथे दोष सणाचा नाही, तो जोडणाऱ्या प्रसंगाचा आहे. पोलीस ठाण्यातून घरी परत येण्याचा दोन मिनिटांचा प्रसंग लिहायचा राहून गेला, एवढं म्हणा.

आता मुख्य तक्रारीकडे, रेंगाळण्याकडे. तिच्यावर सगळे लिहितात, पण तिचे प्रकार वेगळे करत कोणी बसत नाही. उशीर करणं हे मालिकेचं वाईट लक्षण नव्हे. गुपित फुटणार हे ठाऊक असताना ते कसं फुटेल याची वाट पाहायला लावणं हाच या प्रकाराचा गाभा. तेव्हा पाहायचं एवढंच, की उशिरामुळे परिस्थिती बदलते का. नायिका सत्य सांगायला येते, तेवढ्यात सासऱ्यांना झटका येतो आणि आता सत्य सांगणं त्यांच्या जिवाशी खेळणं ठरतं. हा खरा अडथळा. तिची अडचण कालच्यापेक्षा मोठी झाली. याउलट ती सांगायला तोंड उघडते आणि दाराची बेल वाजते, फोनची रेंज जाते, कोणीतरी हाक मारतं, ती चक्कर येऊन पडते. प्रसंग संपल्यावर तिची स्थिती तीच, सांगायची इच्छा तीच, ऐकणारा तोच. हा खोटा अडथळा. आठवड्यात तो एकदा आला तर सोडून द्या. एकाच गुपितावर तिसऱ्यांदा बेल वाजली तर लिहा, आणि दोष कथाविस्ताराच्या नावावर टाका. ट्रॅकमध्ये पुरेसा मालमसाला नव्हता म्हणूनच पटकथाकाराला बेल वाजवावी लागली.

रेंगाळण्याचा दुसरा प्रकार संकलनाच्या टेबलावर तयार होतो. खोलीत आठ माणसं. नायक म्हणतो, "हे लग्न झालेलंच नाही." मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन सेकंद: २४ सेकंद. तीच फेरी पुन्हा, या वेळी झूम आणि ढोल: एकूण ४८ सेकंद. भागात असं चारदा झालं की १९२ सेकंद, म्हणजे तीन मिनिटं बारा सेकंद, एकवीस मिनिटांच्या भागाचा सातवा हिस्सा निव्वळ दचकण्यात गेला. ॲपवर पाहताना वेळेचे आकडे समोर असतात, त्यामुळे हे मोजणं अवघड नाही. "फार ताणलं" यापेक्षा "बुधवारच्या भागात तीन मिनिटं चेहऱ्यांवर" हे वाक्य कितीतरी जड पडतं.

पण इथेही घाईने संकलकाला झोडपू नका. रोजची मालिका दिवसाला जवळजवळ एका भागाचं चित्रीकरण करते. पाऊस, लाइटची अडचण, कलाकाराला उशीर अशा कारणांनी एकवीस मिनिटांच्या जागी सतराच मिनिटं हाती आली, तरी प्रक्षेपण थांबत नाही. उरलेली चार मिनिटं संकलकाला कुठून तरी काढावी लागतात. फुटेज कमी पडल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: "मागील भागात" नेहमीच्या दुप्पट लांब, दोनच दिवसांपूर्वीचा प्रसंग आठवण म्हणून जसाच्या तसा, घराचा बाहेरून घेतलेला शॉट दोन-तीनदा, पात्र जिना उतरून दारापर्यंत चालतं ते संपूर्ण, आणि स्लो मोशन. या पाचांपैकी तीन खुणा एकाच भागात दिसल्या तर त्या दिवशी सेटवर घोळ झालेला असणार. आठवडाभर दिसल्या तर भागांची बँक संपलीय आणि युनिट आजचं आज करून पाठवतंय. बँक म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग. ती हातात असेल तर मालिका श्वास घेते. ती संपली की दोन-तीन आठवडे दर्जा घसरतो, आणि प्रेक्षकाला वाटतं लेखकाचं डोकं चालेनासं झालं.

कलाकारांच्या तारखा हा असाच न दिसणारा घटक. एखादं महत्त्वाचं पात्र अचानक "गावी गेलं", आठ दिवस फक्त फोनवर बोलतंय, किंवा दोन पात्रं कडाडून भांडतायत पण एका चौकटीत एकदाही समोरासमोर दिसत नाहीत. नीट बघा: एकाचा चेहरा असतो तेव्हा दुसऱ्याची फक्त पाठ किंवा खांदा, आणि पाठीवरचे केस वेगळे. दोघांच्या तारखा जुळल्या नाहीत, प्रसंग दोन वेगळ्या दिवशी चित्रित झाला आणि पाठ डमीची आहे, असाच याचा अर्थ निघतो. अशा प्रसंगात अभिनय पोकळ वाटतो, कारण समोर प्रतिसाद द्यायला माणूसच नसतो. त्यावरून "दोघांची केमिस्ट्री संपली" असा निष्कर्ष काढणं चुकीचं. कारण आणखी बाहेरचंही असू शकतं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि कितीतरी मराठी मालिकांची युनिट गोवा-गुजरातकडे हलली. मे महिन्यात गोव्यातही चित्रीकरण थांबवावं लागलं. त्या काळात पात्रं अकारण सहलीला किंवा कुठल्याशा बंगल्यावर जाऊन राहिली. एवढा मोठा प्रसंग रोज येत नाही, पण ट्रॅक अचानक दुसऱ्या गावी गेला तर लिहिण्याआधी कारण शोधून बघावं.

संवादांबद्दल दोन गोष्टी. पहिली उजळणी. "तुला आठवतंय ना, माझ्या वडिलांनी तुझ्या काकांकडून जमिनीचे कागद घेतले होते" हे वाक्य त्या दोघांना बोलायची गरजच नसते, ते आपल्यासाठी असतं. ज्याचे तीन भाग चुकलेत त्याला धागा मिळावा म्हणून अशी उजळणी भागात एकदा येणारच, ती माफ. तीच माहिती त्याच भागात स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग फोनवर आली, की पटकथेत प्रसंगांना वेगळं कामच दिलेलं नव्हतं हे उघड होतं. दुसरी गोष्ट बोलीची. कोल्हापूर, सातारा, विदर्भ किंवा मालवणच्या पार्श्वभूमीवरची मालिका पाहताना पात्र शांत असताना काय बोलतं ते ऐकू नका, भांडताना आणि रडताना ऐका. पाठ केलेली बोली तिथे गळते आणि वाक्यं प्रमाण मराठीत येऊ लागतात. ज्या कलाकाराची बोली आवाज चढल्यावरही टिकते, त्याचं नाव घेऊन कौतुक करा. हे कष्ट कोणी मोजत नाही.

अभिनय तपासायचा तर बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. संवाद अनेकदा त्याच दिवशी हातात पडलेले असतात. लांब स्वगत बऱ्यापैकी म्हटलं म्हणजे पाठांतर चांगलं, इतकंच सिद्ध होतं. समोरचा बोलत असताना चेहरा काय करतो, विचार वाक्याच्या आधी पोचतो की नंतर, हात कुठे आहेत, यावर नट ओळखू येतो. आठवड्यातून एक प्रसंग आवाज बंद करून बघा. कोण कोणावर चिडलंय, कोण काय लपवतंय हे तसंच कळलं तर दिग्दर्शन आणि अभिनय दोन्ही पक्के. दुसरा एक प्रसंग डोळे मिटून ऐका. पार्श्वसंगीताखाली शब्द बुडतायत का, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ठोका येतोय का, हे तेव्हाच जाणवतं. दुःखाच्या प्रसंगात संगीत आधी सुरू झालं आणि रडू नंतर आलं, तर दिग्दर्शकाचा आपल्या नटावर विश्वास नाही असं बिनधास्त लिहा.

हुकवर मात्र कडक राहा. हुक म्हणजे ब्रेकआधीचा आणि भागाच्या शेवटचा उत्सुकतेचा क्षण, आणि तो प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. वहीत डावीकडे हुक लिहा, उजवीकडे पुढच्या भागात त्याचं काय झालं ते. फसवणुकीचे प्रकार तीनच: स्वप्न निघणं, दारात उभी व्यक्ती भलतीच निघणं, किंवा प्रसंग अर्ध्यावर सोडून दुसरीकडे जाणं आणि परतल्यावर ताण विरलेला असणं. सहापैकी चार हुक पाळले गेले तर मालिका प्रामाणिक. तीन किंवा कमी असतील तर आकडा देऊन लिहा. शनिवारचा हुक वेगळा तपासा, कारण त्यावर रविवारची सुट्टी टेकलेली असते. सोमवारच्या पहिल्या पाच मिनिटांत त्याचा निकाल लागलाच पाहिजे. प्रोमोचा न्याय मात्र वेगळा. प्रोमो पुष्कळदा वाहिनीच्या प्रोमो विभागाने वेगळा चित्रित केलेला असतो, त्यातले कपडे आणि जागा प्रत्यक्ष भागात दिसतीलच असं नाही. प्रोमोतली घटना घडली की नाही एवढंच धरा. घडलीच नाही तर दोष वाहिनीच्या नावावर, लेखकाच्या नाही.

टीआरपीचा आधार घेऊन मत लिहिणार असाल तर आकडा आधी समजून घ्या. चाहत्यांच्या पानांवर सर्वांत जास्त गोंधळ याच बाबतीत असतो. मोजणी बार्क इंडिया (ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल) करते, एप्रिल २०१५ पासून. देशभरातल्या निवडक घरांत, आता ५५ हजारांहून जास्त, मीटर बसवलेलं असतं आणि वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ते ओळखतं. रेटिंग म्हणजे "किती लोकांनी पाहिलं" एवढंच नव्हे, त्यात किती वेळ पाहिलं हेही धरलेलं असतं. शंभरातल्या दहा जणांनी अर्ध्या तासातली पंधरा मिनिटंच पाहिलं तर रेटिंग दहा नव्हे, पाच. म्हणून ब्रेकला उठून जाणारा प्रेक्षक मालिकेला महाग पडतो, आणि म्हणूनच मोठा उलगडा भागाच्या शेवटी ढकलला जातो. ॲपवर पाहणारे यात नसतात. तुमच्या ओळखीचे सगळे मोबाइलवर बघत असतील तर "सगळे बघतात तरी टीआरपी कमी कशी" याचं उत्तर तिथेच आहे.

बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. आकडे पुढच्या गुरुवारी येतात. मालिकेचा आठवडा मात्र सोमवार ते शनिवार. त्यामुळे पाच दिवस तापवून शनिवारी गुपित फोडलं, तर त्या शनिवारचं फळ पुढच्या सोमवार-शुक्रवारच्या खात्यात जमा होतं. रविवारच्या महाएपिसोडचंही तसंच. "गुपित फुटलं त्या आठवड्यात टीआरपी घसरली" असा निष्कर्ष काढण्याआधी तारखा जुळवून बघा. एकाच आठवड्याच्या चढउतारावरही भिस्त ठेवू नका. क्रिकेटचा मोठा सामना किंवा गणेश विसर्जनाचा दिवस मधे आला की सगळ्याच मालिका खाली येतात. सलग चार आठवड्यांची दिशा बघा, आणि त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर काय चालू होतं तेही.

यातूनच आणखी एक हिशेब निघतो. समजा सोमवारी नवा ट्रॅक सुरू झाला आणि प्रेक्षकांना तो आवडला नाही. पहिला आकडा अकराव्या दिवशी, गुरुवारी मिळतो. बदल ठरवणं, लिहिणं, चित्रित करणं यात चार-पाच दिवस. हाताशी सहा भागांची बँक असेल तर ते आधी संपायला हवेत. म्हणजे सुधारणा पडद्यावर दिसते ती चौथ्या आठवड्याच्या सुमारास. पहिल्याच आठवड्यात "प्रेक्षकांचं ऐकतच नाहीत" असं लिहिण्यात अर्थ नाही. सहाव्या आठवड्यात तोच ट्रॅक तसाच चालू असेल तर लिहा. तेव्हा तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय असतो.

रिअ‍ॅलिटी शो आणि विनोदी कार्यक्रमांना ही फूटपट्टी लागू होत नाही. त्यांचे दोन-दोन भाग एकाच दिवशी चित्रित होऊ शकतात. प्रेक्षकांच्या हशाचा आणि परीक्षकांच्या डोळ्यांतल्या पाण्याचा शॉट त्याच क्षणाचा असेल याची खात्री नसते. गाण्याचा आवाज मिक्सिंगमधून आलेला असतो, तेव्हा सुरापेक्षा शब्दफेक, ताल आणि गाण्याची निवड यावर बोला. स्किटमध्ये पहिला हशा किती सेकंदांनी येतो आणि शेवटचा विनोद सुरुवातीच्या कल्पनेतूनच फुलतो का, की केवळ पुरुषाने साडी नेसण्यावर टेकलाय, एवढं पाहिलं तरी पुरे.

टिपणं काढताना एक नियम पाळा. भाग पाहत असताना लिहू नका, संपल्यावर पाच मिनिटांत लिहा. दर भागाला चार ओळी: काय बदललं, कोणाला काय कळलं, हुक कोणता, एक खटकलेली किंवा आवडलेली जागा वेळेसकट. चारपेक्षा जास्त मालिकांवर दर आठवड्याला नीट लिहिता येत नाही. बाकीच्यांना एकेक ओळ द्या किंवा आलटून पालटून घ्या. पाहिला नाही त्या भागाबद्दल "पुढील भागात"च्या जोरावर लिहू नका, तिथे पकडले जाल.

आता फरक बघा. नेहमीचं मत असं असतं: "या आठवड्यात फारच बोअर केलं. नायिका सारखी रडते. लेखकांनी काहीतरी नवीन आणावं." हेच पुराव्यानिशी असं होईल: "वारसाचं गुपित सासऱ्यांना कळणार असं वाटत असताना आठवड्यात तीनदा टळलं: मंगळवारी बेल, गुरुवारी फोन, शुक्रवारी चक्कर. टळल्यावर नायिकेची अडचण वाढली असती तर चाललं असतं. ती सोमवारी होती तिथेच शनिवारी आहे. थोरल्या जाऊबाईंनी मात्र गुरुवारी नुसतं ऐकताना, दहाव्या मिनिटाच्या आसपास, जे केलं त्यावरून त्यांना सगळं आधीच ठाऊक आहे असा संशय येतो. तो धागा पुढच्या आठवड्यात उचलला नाही तर मोठी संधी गेली." लांबी थोडीच वाढली. पण वाचणाऱ्याला पटवून घ्यायला किंवा भांडायला काहीतरी हाती मिळालं.

लिहिताना पात्राचं नाव पात्राच्या कृतीसाठी आणि कलाकाराचं नाव अभिनयासाठी, ही सरमिसळ होऊ देऊ नका. खलनायिकेच्या कलाकाराला तिच्या पात्राच्या पापांबद्दल शिव्या देणं, तिच्या वजनावर-वयावर बोलणं याला मत म्हणत नाहीत. कलाकार बदलला तर नव्याला किमान दोन आठवडे द्या. आधीच्याची लकब कॉपी करावी की नवी आणावी हे त्याचं त्याला ठरवता येत नाही, त्याला सांगितलेलं असतं. शनिवारच्या भागातला उलगडा पहिल्या ओळीत फोडू नका. बरेच जण तो रविवारी दुपारी ॲपवर बघतात.

आणि मत वेगळं, तक्रार वेगळी. एखादा भाग हिंसेचं उदात्तीकरण करतो, अंधश्रद्धा पसरवतो किंवा लहान मुलांशी गैरवर्तन चविष्ट करून दाखवतो असं वाटत असेल, तर ते साप्ताहिक मतात वाया घालवू नका. २०२१ च्या सुधारित केबल टेलिव्हिजन नियमांनुसार वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निकाल. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल हे काम पाहते. तक्रारीत वाहिनी, मालिका, प्रक्षेपणाची तारीख, वेळ आणि प्रसंगाचं दोन ओळींत वर्णन लागतं. चार ओळींची ती वही ठेवत असाल तर यातलं बरंचसं तिथे आधीच लिहिलेलं असेल.